पाच सेकंदांची हवा

पोरगा अडीच वर्षांचा. करंजाड्याहून रिक्षात झोपून आलेला आणि माझ्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बरोब्बर जागा झालेला. घरात पडला होता, ओठ फुटला होता, दाताला काही झालं नाही ना एवढंच आईला बघून हवं होतं. या वयाच्या मुलाला मोठ्या चेअरवर झोपवायच्या भानगडीत मी पडत नाही. आईला स्टुलावर बसवलं, तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून मी बसले. पोराचे पाय आईच्या कमरेला, डोकं माझ्या मांडीवर. तो रडायला लागला. रडताना तोंड आपोआप उघडतं, त्यामुळे आमच्या धंद्यात रडणं ही सोयच.

ओठाची जखम किरकोळ होती. पण अंगठ्याने वरचा ओठ उचलला तेव्हा पुढच्या चारही दातांवर, हिरडीला अगदी लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली.

"दात किडायला लागलेत," मी म्हणाले.

"अहो मॅडम, पांढरेच तर आहेत. काळं कुठे काय दिसतंय?"

गेली पंचवीस वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. कीड म्हणजे काळी, आणि काळं नाही म्हणजे कीड नाही, असा आपल्याकडे पक्का समज. प्रत्यक्षात कीड पांढरी सुरू होते. काळी किंवा तपकिरी होईपर्यंत बहुतेक वेळा खेळ हाताबाहेर गेलेला असतो. पांढरी असते तोवर मात्र ती मागे फिरू शकते. हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं असं नाही. शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. हातांना ते पटायला दहा वर्षं लागली.

चेअरची नळी ओढून घेतली. तिच्यातून पाणीही मारता येतं, हवाही. दाताकडे आधी ओला असताना बघायचं, मग पाच सेकंद हवा मारून कोरडा करून बघायचं. ओल्या दातावरही डाग दिसला तर तो खोल गेलाय. दात कोरडा केल्यावरच दिसला तर अजून वरवर आहे. त्यामागचं कारण साधं आहे. आम्लाने आतला खनिज भाग विरघळून इनॅमलमध्ये बारीक छिद्रं पडतात. छिद्रांत पाणी असेल तर उजेड फारसा विखुरत नाही, हवा शिरली की विखुरतो आणि डाग पांढरा उठतो. ओल्या आणि सुक्या फरशीच्या रंगात फरक पडतो तसंच काहीसं.

या पोराचे डाग ओल्या दातांवरही दिसत होते.

"रात्री बाटली देता?"

"दूधच देते हो. दुसरं काही नाही."

"साखर?"

"एक चमचा. त्याशिवाय घेतच नाही."

दुधाने दात किडले असं आईला सांगायचं आणि पाठोपाठ दुधापासूनच केलेली क्रीम लिहून द्यायची, हा माझ्या कामातला अवघड प्रसंग. आई माझ्याकडे असं बघते की ही बाई आपल्याला वेड्यात काढते आहे.

*

मी नायर डेंटलला शिकले. तिथल्या खुर्च्यांवर आमचे हात घडले ते ड्रिलवर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जी. व्ही. ब्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने दात भरण्याचे नियम बांधून दिले होते. त्यातला एक असा, की कीड जेवढी आहे त्यापेक्षा थोडं जास्तच कोरायचं, म्हणजे आजूबाजूला पुन्हा लागणार नाही. त्या काळातल्या चांदीच्या सिमेंटला ते शोभत होतं. सिमेंट बदललं तरी सवय राहिली. शिवाय आमच्या हातात टोकदार हुक असायचा. संशयास्पद डागात तो रुतला, अडकला की निदान पक्कं. आता कळतं की त्या पांढऱ्या डागावर वरचा पापुद्रा शाबूत असतो, पोकळ झालेलं असतं ते त्याच्या खाली. तो पापुद्रा आम्हीच हुकाने फोडायचो आणि मग म्हणायचो, "बघा, भोक पडलंय."

पनवेलला जुन्या गावात दवाखाना टाकल्यावर पहिल्या काही वर्षांत मी असे किती दात कोरले असतील याचा हिशेब नाही. एक मुलगी मात्र आठवते. बारा वर्षांची, लाईन आळीतली, दाढेवर एकच पांढुरका ठिपका. कोरला, भरला. सात-आठ वर्षांनी ते सिमेंट कडेने गळायला लागलं म्हणून आणखी कोरून मोठं भरलं. लग्नाच्या आधी त्याच दाढेचं रूट कॅनाल केलं, वर कॅप बसवली. प्रत्येक वेळी काम नीट झालं होतं, तिची काही तक्रारही नव्हती. उलट तिने तिच्या दोन नणंदा माझ्याकडे पाठवल्या. पण त्या दाढेचा सगळा प्रवास मी सुरू करून दिला होता, एका ठिपक्यावरून.

हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. इनॅमलला ते जमत नाही. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ, आणि आयुष्यात एकदाच मिळणारा. तोंडातलं आम्ल वाढून सामू साधारण साडेपाचच्या खाली गेला की त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. काही खाल्लं की काही मिनिटांत हे होतं, मग अर्ध्या-एक तासात लाळ ते सावरते आणि निघालेला माल थोडाथोडा परत भरते. दिवसभर ही देवाणघेवाण चालूच असते. दर तासाला बिस्किट चालू असेल तर नुसतं देणंच राहतं. झोपेत लाळ जवळजवळ आटते. रात्रीची बाटली म्हणूनच घातक. तेच दूध, तीच साखर, पण दुपारी फिटणारं कर्ज रात्री फिटत नाही.

*

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला एक एमआर दोन छोट्या ट्यूब टेबलावर ठेवून गेला. 'दुधातल्या प्रथिनापासून बनवलेली, इनॅमल दुरुस्त करणारी क्रीम.' मी त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. सोन्याचं पाणी दिलेले टूथब्रशही एमआर आणतात, त्यातलंच काहीतरी असणार असं वाटलं. पुढे एका परिषदेत बालदंतरोगाच्या एका सरांनी ते नीट उलगडून सांगितलं आणि घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून दुधाच्या पातेल्याकडे पहिल्यांदा धड बघितलं.

गिझरच्या नळीत, इस्त्रीच्या टाकीत क्षार साचतात ते आपण बघतो. कॅल्शियमचं असंच आहे. पाण्यात त्याची फॉस्फेटशी गाठ पडली की दोघं मिळून चुन्यासारखं तळाशी बसतात. मग दुधात तर १०० मिलिलिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि फॉस्फेटही भरपूर. ते का बसत नाही? कारण केसिन. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी जवळपास ८० टक्के केसिनच असतं. त्याच्या साखळीवर ठिकठिकाणी फॉस्फेटचे झुबके असतात आणि ते कॅल्शियम फॉस्फेटला चिमूट-चिमूट धरून ठेवतात. ना खाली बसू देत, ना त्याचे दगड होऊ देत. दुधाला पांढरा रंगही मुख्यतः या केसिनच्या गोळ्यांमुळेच, उजेड विखुरल्यामुळे. म्हणजे दूध पांढरं आणि दातावरचा डाग पांढरा, दोन्हीचं कारण एकच. एकात खनिज सांभाळून ठेवलेलं, दुसऱ्यातून निसटलेलं. लिंबू पिळलं की केसिनची पकड सुटते आणि दूध फाटतं. पनीर करताना आपण तेच करतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातल्या एरिक रेनॉल्ड्स यांनी १९८० च्या दशकात यावर काम सुरू केलं. दूध आणि चीज दातांना चांगलं हे आधीपासून दिसत होतं, पण त्यातलं नेमकं काय चांगलं हा प्रश्न होता. त्यांनी केसिन एन्झाइमने तोडलं आणि नेमके ते झुबक्यांचे तुकडे वेगळे काढले. कॅल्शियम फॉस्फेटची अतिसूक्ष्म, अजून स्फटिक न झालेली चिमूट हातात धरलेले हे तुकडे दातावर लावले की ते दाताला आणि दातावरच्या थराला चिकटून राहतात. आम्ल वाढलं की मूठ सैल होते, कॅल्शियम-फॉस्फेट मोकळं होतं आणि छिद्रांत शिरतं. जिथे पडझड चालू आहे तिथेच, तेव्हाच, गवंड्याला माल मिळाल्यासारखं. आमच्या भाषेत त्याला सीपीपी-एसीपी म्हणतात. बाजारात जपानच्या जीसी कंपनीची टूथ मूस ही ट्यूब मिळते, त्यात हा पदार्थ १० टक्के असतो.

मग नुसतं दूध का नाही, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि तो अगदी रास्त आहे. दूध दोन मिनिटांत घशाखाली जातं. त्यातलं केसिन अख्खं असतं, तुकडे मोकळे झालेले नसतात. जेवणानंतर कपभर बिनसाखरेचं दूध दातांना चांगलंच. पण त्या डागाला रात्रभर जवळ बसून राहणारं कुणीतरी लागतं.

*

या क्रीमच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायलाच हवी.

सात वर्षांचा मुलगा होता. सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढांवर पिवळट, खडूसारखे चट्टे. काही मुलांच्या दाढा अशाच येतात, मुळातच कच्च्या. बर्फाचा गोळा तोंडात गेला की हा ओरडायचा. वडिलांना विचारलं, "कसली ॲलर्जी?" ते म्हणाले, "औषधाची नाही." मी समाधानाने क्रीम बोटावर घेतली आणि दाढांवर लावली. चार-पाच मिनिटांत ओठ सुजायला लागला, गालावर लाल गांधी उठल्या. तोंड धुवून घेतलं, शेजारच्या बालरोगतज्ज्ञांकडे धाव घेतली. औषध दिलं, संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवला, सगळं ठीक झालं. तेवढ्यात मुलाची आजी आली आणि म्हणाली, "त्याला पेढा दिला तरी असंच होतं की. डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही का कुणी?"

कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. दूध म्हणजे काही औषध नव्हे, त्यामुळे वडिलांचं उत्तर बरोबरच होतं. ट्यूबच्या खोक्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत इशारा होता, तो मी वाचला होता आणि विसरले होते. त्या दिवसापासून 'ॲलर्जी आहे का' हा प्रश्न मी टाकला. आता विचारते, "पेढा चालतो? पनीर? दही खाल्ल्यावर अंगावर काही उठतं?" दूध पिऊन पोट गुडगुडतं एवढंच असेल तर ती दुधातल्या साखरेची अडचण, प्रथिनाची नाही. त्यांना बहुधा क्रीम चालते. पण आपल्याकडे दोन्हीला 'दूध सोसत नाही' असंच म्हणतात, त्यामुळे खोदून विचारावं लागतं.

बाकी प्रश्न हलकेफुलके. कापडाचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी विचारलं की यात अंडं-बिंडं नाही ना. एका काकूंना चतुर्थीच्या उपवासाला चालेल का हे हवं होतं. "दुधाचंच आहे म्हणता, मग फराळात धरायला हरकत नाही," असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला. विमानतळात गाव गेलेली एक आगरी आजी नातीला घेऊन आली होती. मी ट्यूब दाखवली तशी ती हसायलाच लागली. "गो बाय, आमच्या गोठ्यात चार म्हशी होत्या, तवा दातांना दूध चोळायची पाळी नाय आली." तिचे सतरा-अठरा दात शाबूत होते, मशेरीने काळे पडलेले. नातीच्या तोंडात सहा किडलेले. या दोन तोंडांच्या मधल्या काळात गोठा गेला, गावाच्या जागी धावपट्टी आली आणि नातीच्या हातात पाच रुपयांचं क्रीमचं बिस्किट आलं. मशेरीबद्दल मी आजीला बोलले, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

*

ही क्रीम काय करत नाही, हेही सांगते, कारण जाहिराती बघून लोक भलत्या आशेने येतात.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत आम्लाच्या टाक्यांजवळ बरीच वर्षं काम केलेले एक गृहस्थ आले होते. हवेतलं आम्ल श्वासाबरोबर पुढच्या दातांवर बसत गेलेलं. दातांच्या कडा इतक्या पातळ झाल्या होत्या की मागे बोट धरलं तर त्याची सावली दिसावी. मोबाईलवर त्यांनी मला एक जाहिरात दाखवली, 'इनॅमल पुन्हा उगवा'. उगवत नाही. गेलेली जाडी गेली. जे अजून उभं आहे पण आतून झिरपलंय, तेवढ्यातच खनिज परत भरता येतं. चौकट शाबूत असेल तर विटा बसवता येतात, भिंतच पडली तर नाही. त्यांचे दात मी कॉम्पोझिटने बांधून दिले आणि मास्कबद्दल चार गोष्टी सांगितल्या. मास्क साहेबांकडे मागायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं.

तारा काढलेल्या मुलींचं वेगळं. नवीन पनवेलची एक मुलगी दोन वर्षं तारा लावून बसली. त्या काढल्या तेव्हा दात सरळ, पण प्रत्येक दातावर पांढऱ्या चौकटी उमटलेल्या. तारेच्या कडेने ब्रश पोचला नव्हता. रोज रात्री ब्रश झाल्यावर वाटाण्याएवढी क्रीम बोटाने लावायची, तीन मिनिटं राहू द्यायची, मग जिभेने सगळीकडे फिरवून थुंकायचं, आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. चार महिने तिने निष्ठेने केलं. चौकटी पुसट झाल्या, गेल्या नाहीत. फोटो काढताना आता ओठ मिटत नाही, एवढं तिच्या आईने सांगितलं. मी त्यात समाधानी आहे. ती मुलगी पूर्ण समाधानी नाही, आणि तिचंही बरोबर आहे.

अभ्यास बरेच झालेत. काहीच न लावण्यापेक्षा क्रीम बरी, यावर फारसा वाद नाही. पण शेजारी साधी फ्लोराइडची टूथपेस्ट ठेवली की फरक लहान होतो, कधी दिसतो, कधी दिसतही नाही. सुरुवातीचे बरेचसे अभ्यास शोध आणि पेटंट ज्यांचं त्यांच्याच गटाचे, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. माझं मत असं, की फ्लोराइड आधी. फ्लोराइडला काम करायलाही कॅल्शियम-फॉस्फेट लागतंच, ते ज्याच्या लाळेत कमी पडतं त्याला क्रीमची जोड द्यावी. घरात रोज लिटरभर दूध येत असेल तर एक ट्यूब त्याच्या दहा-पंधरा दिवसांच्या बिलाएवढी पडते. ज्या घरात मुलाला स्वतःचा टूथब्रश नाही त्या घराला मी ती लिहून देत नाही. ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट देते.

*

करंजाड्याच्या त्या आईला बाटली तोडायला सांगितलं तेव्हा ती रडकुंडीला आली. घरात दहा बाय बाराची खोली, नवऱ्याची रात्रपाळी, पोर रडलं की शेजारी भिंत ठोकतात. एका रात्रीत बाटली बंद करा म्हणणं सोपं असतं, पण तिला ते जमणारं नव्हतं. मी म्हटलं, "गवळी करायचा तेच करा. दुधात पाणी घाला." आधी साखर बंद, मग दर दोन-तीन दिवसांनी पाणी थोडं वाढवायचं. पंधरा-वीस दिवसांत बाटलीत नुसतं पाणी राहतं आणि पोराचा तिच्यातला रस आपोआप संपतो. ती हसली. हे तिला जमण्यासारखं वाटलं.

मग पेढ्या-पनीरची चौकशी झाली. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा, आईच्याच हाताने. दर तीन महिन्यांनी माझ्याकडे फ्लोराइडचं वार्निश. रात्री शेवटी, फ्लोराइड नसलेली साधी दुधाची क्रीम, चिमूटभर. ड्रिलला हात लावला नाही. आई जाताना म्हणाली, "म्हणजे आज काहीच केलं नाहीत?" काही न करण्याची फी घेणं मला अजून नीट जमत नाही. अर्धी घेतली.

पहिल्या तीन महिन्यांनी काही फरक नव्हता. सहा महिन्यांनी ते आलेच नाहीत, गावी गेले होते. मागच्या आठवड्यात, वर्ष उलटून गेल्यावर आले. पोरगा आता स्वतः चढून चेअरवर बसतो आणि लाइटचं बटण दाबतो. बाटली सुटली आहे. क्रीम मधे दीड-दोन महिने आणलीच नव्हती असं आईने खरं सांगितलं. कशामुळे किती झालं ते या एका पोरावरून मला वेगळं काढता येणार नाही.

ओठ उचलला. ओल्या दातांवर रेघ दिसली नाही. नळी घेतली, हवा मारली, एकेक सेकंद मोजत. डावीकडच्या दोन दातांवर पाचव्या सेकंदाला दिसली. उजवीकडे नाहीच. कार्डावर तसं लिहिलं आणि गणपतीनंतरची तारीख दिली.